इगतपुरी : घाटमाथ्यावरील नगरीचा इतिहास आणि परिसर

दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात नाशिकरोड येथील बाळ येशूच्या यात्रेसाठी मुंबई, ठाणे आणि वसई परिसरातून हजारो भाविक येतात. त्यांपैकी बहुतेकांची गाडी इगतपुरीला थांबते, परंतु तेथे उतरणारे विरळाच. खिडकीतून एक वडापाव घ्यावा, चहाचा घोट घ्यावा, गार वारा अंगावर घ्यावा आणि पुढे निघावे, एवढीच या गावाची आणि आपली ओळख. वास्तविक इगतपुरी हे आपल्या नाशिक धर्मप्रांताचे पश्चिमेकडील महाद्वार आहे. येथून घाट उतरून कसाऱ्यास पोहोचले की ठाणे जिल्हा आणि त्याबरोबरच मुंबई महाधर्मप्रांताची हद्द सुरू होते. या गावाचा इतिहास, त्याच्या भोवतालची स्थळे आणि आज त्याच्यापुढे उभे असलेले प्रश्न यांची माहिती वाचकांना एकत्रित मिळावी, या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

स्थान आणि हवामान

नाशिक शहरापासून सुमारे ४५ किलोमीटर आणि मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे १३७ किलोमीटर अंतरावर, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर इगतपुरी वसलेली आहे. समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारे ६०० मीटर आहे. महाबळेश्वरच्या तुलनेत ही उंची निम्म्याहूनही कमी. तरीही ब्रिटिश काळात मुंबईचे युरोपियन लोक एप्रिल-मे महिन्यांत हवापालटासाठी येथे येत असत. त्याचे कारण उंचीपेक्षा वाऱ्यात अधिक आहे. कोकणातून वर चढणारा समुद्राचा वारा प्रथम या कड्यावर आदळतो. पावसाळ्यात तोच वारा ढग घेऊन येतो आणि तालुक्याच्या पश्चिम भागात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. येथून पूर्वेकडे तासा-दीड तासाच्या अंतरावर सिन्नर तालुक्याचा दुष्काळी पट्टा लागतो. एवढ्या थोड्या अंतरात पावसात पडणारा हा फरक प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही.

जुनी वाट

कोकणातील बंदरे आणि नाशिक यांना जोडणाऱ्या घाटवाटांपैकी थळघाट ही एक प्राचीन वाट होय. आज सर्वसामान्य माणूस तिला कसारा घाट म्हणतो. घाटमाथ्यावरील घाटनदेवीचे मंदिर या वाटेची रक्षणकर्ती म्हणून ओळखले जाते आणि आजही मालमोटारींचे चालक घाट उतरण्यापूर्वी तेथे हात जोडतात. मंदिराच्या आवारातून खालची दरी आणि समोरच्या डोंगररांगा फार सुंदर दिसतात.

वाट म्हटली की तिच्यावर पहारा आलाच. म्हणून या परिसरात किल्ल्यांची दाटी आहे. त्रिंगलवाडी, कावनई, अलंग, मदन, कुलंग आणि थोडा दूर पूर्वेकडे पट्टा. जालन्याच्या मोहिमेहून परतताना १६७९ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी पट्ट्यावर विश्रांती घेतली आणि तेव्हापासून त्याला विश्रामगड हे नाव पडले. पुढे ब्रिटिश अमलाविरुद्ध याच डोंगरांत महादेव कोळी समाजाने उठाव केला. त्याचे नेते राघोजी भांगरे यांना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. इगतपुरी तालुक्यातील महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी हे येथील मूळचे रहिवासी आहेत. गावाचा इतिहास रेल्वेपासून सुरू करण्याची जी प्रथा पडली आहे, ती आम्हांस फारशी न्याय्य वाटत नाही.

लोहमार्ग

तथापि, खेड्याचे नगर झाले ते रेल्वेमुळेच, हे मान्य करावयास हवे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावल्यानंतर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीपुढे खरा प्रश्न होता तो सह्याद्री ओलांडण्याचा. पुण्याकडे जाण्यासाठी बोरघाट आणि नाशिक-भुसावळकडे जाण्यासाठी थळघाट असे दोन मार्ग निवडण्यात आले. दोन्हींची आखणी कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले यांनी केली. थळघाटाचे काम १८५७ साली सुरू झाले आणि १ जानेवारी १८६५ रोजी हा मार्ग वाहतुकीस खुला झाला. तो दिवस पाहण्यास बर्कले हयात नव्हते. १८६२ साली इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले होते.

कसारा ते इगतपुरी हा चढ सुमारे १५ किलोमीटरचा आहे. तेवढ्यात गाडी ९७२ फूट वर येते. सर्वांत तीव्र भागात ३७ फूट पुढे गेले की एक फूट चढ चढावा लागतो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरताना पकड फार कमी असते, म्हणून रस्त्याच्या दृष्टीने किरकोळ वाटणारा हा चढ आगगाडीला अत्यंत कठीण जातो. युरोपात ऑस्ट्रियाच्या आल्प्स पर्वतातील सेमरिंग घाटाचा लोहमार्ग १८५४ साली पूर्ण झाला आणि तो त्या काळचे आश्चर्य मानला गेला. १९९८ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जाही दिला. सेमरिंगचा सर्वांत तीव्र चढ चाळीसास एक आहे. म्हणजे आपला थळघाट त्याहूनही अवघड! बोगदे, कमानींचे पूल आणि खोल दऱ्या यांतून हा मार्ग काढलेला आहे. त्यांतील एहेगावचा पूल दरीच्या तळापासून सुमारे १८० फूट उंच आहे. आरंभी मार्गात एक उलटे स्थानकही होते. तेथे गाडी डोंगराच्या टोकाशी जाऊन थांबे, इंजिन पुढून काढून मागे जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने वर चढू लागे. पुढे मार्गाची फेररचना झाल्यावर हे स्थानक बंद पडले.

हे काम कोणी केले? कंत्राटदारांची नावे आपल्याला इतिहासात सापडतात, अभियंत्यांचीही सापडतात. परंतु सुरुंग भरणारे, दोराला लोंबकळत कडा फोडणारे, डोक्यावरून दगड वाहणारे स्त्री-पुरुष अनामच राहिले. बोरघाटात एके काळी चाळीस हजारांहून अधिक मजूर एकाच वेळी राबत होते आणि कॉलऱ्याने व अपघातांनी त्यांपैकी असंख्य दगावले. थळघाटातील मजुरांचे जिणेही त्याच जातीचे होते. स्वित्झर्लंडमधील गॉटहार्ड बोगद्याच्या कामात १८७२ ते १८८२ या काळात जे कामगार मरण पावले, त्यांच्यासाठी व्हिन्चेन्झो व्हेला या शिल्पकाराने एक शिल्प घडविले. त्याची प्रत बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या ऐरोलो या गावी उभी आहे. बोगद्यातून मृत सोबत्याला वाहून नेणारे कामगार त्यात कोरलेले आहेत. आपल्याकडील घाटांतील मजुरांसाठी असे एखादे शिल्प उभारावे, असे कोणास कधी सुचू नये याचा आम्हांस खेद वाटतो.

स्वित्झर्लंडचा खेकडा

आल्प्स आणि इगतपुरी यांचे आणखी एक नाते आहे आणि ते केवळ तुलनेपुरते नाही. १९३० च्या सुमारास या घाटातील वाहतूक विजेवर चालू लागली. त्यासाठी मालगाड्यांची जी इंजिने आणली गेली, त्यांतील पहिली दहा स्वित्झर्लंडमधील विंटरटूर येथील कारखान्यात बनली होती. उरलेली इंग्लंडमध्ये तयार झाली. गॉटहार्ड मार्गावर धावणाऱ्या स्विस इंजिनांचाच हा नमुना. लांबट नाकाडे पुढे आणि मागे, मध्ये चालकाची खोली, अशा आकारामुळे तेथील लोक त्यांना मगर म्हणत. आपल्या रेल्वे कामगारांनी मात्र त्यांचे बारसे ‘खेकडा’ असे केले. वळणावर ते मध्येच वाकत असे आणि उभे असताना कण्हल्यासारखा आवाज करीत असे. १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत या खेकड्यांनी सेवा केली. त्यांपैकी ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जतन केलेले आहे. मुंबई इलाख्याच्या याच गव्हर्नरांचे नाव इगतपुरीजवळच्या भंडारदरा धरणालाही दिलेले आहे.

विजेची गाडी आल्यावर इगतपुरीचे महत्त्व एका वेगळ्या कारणाने वाढले. मुंबईकडील मार्गावर एका प्रकारचा वीजप्रवाह आणि पुढे भुसावळकडे दुसऱ्या प्रकारचा, अशी व्यवस्था अनेक दशके होती. म्हणून प्रत्येक गाडीचे इंजिन इगतपुरीला बदलावे लागे. चालक, मदतनीस, फिटर, पॉइंट्समन, हमाल, विक्रेते या सर्वांचा संसार त्या अर्ध्या तासाच्या थांब्यावर चाले. या शतकाच्या पहिल्या दशकात दोन्हीकडे एकच प्रवाह आला आणि इंजिन बदलण्याची गरज संपली. आज चढावर मदत करण्यासाठी कसाऱ्याला जोडलेली जादा इंजिने इगतपुरीला सुटतात, तसेच मुंबईकडे निघालेल्या गाड्यांचे ब्रेक उतारापूर्वी येथे तपासले जातात. गावाचा रेल्वेशी जो रोजचा संबंध उरला आहे, तो बहुतांशी एवढाच.

रेल्वेबरोबर आलेली ख्रिस्ती कुटुंबे

इगतपुरी, मनमाड आणि भुसावळ या तीन गावांतील कॅथलिक समाजाचा इतिहास जवळजवळ सारखाच आहे. ब्रिटिश कंपनीने चालक, गार्ड, फिटर अशा पदांवर अँग्लो-इंडियन, गोवेकर आणि ईस्ट इंडियन कुटुंबांतील पुरुषांना घेतले. इगतपुरीला तर इंजिनांच्या दुरुस्तीचा मोठा कारखाना होता आणि त्यात शेकडो लोक काम करीत. या कुटुंबांबरोबर चर्च आले, शाळा आल्या, नाताळचे नृत्य आणि केकही आले. त्या काळी हा सर्व प्रदेश मुंबईच्या जेसुइट मिशनकडे होता. १८८६ साली पुणे धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा तो पुण्याकडे गेला. पुढे १५ मे १९८७ रोजी पुणे धर्मप्रांताचे विभाजन होऊन आपला नाशिक धर्मप्रांत अस्तित्वात आला आणि बिशप थॉमस भालेराव त्याचे पहिले महागुरुस्वामी झाले.

स्वातंत्र्यानंतर बरीच अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंड-ऑस्ट्रेलियास गेली. रेल्वेतील नोकऱ्या घटल्या तसे उरलेल्यांचे मुलगे-मुली नाशिक, कल्याण, मुंबईकडे वळले. रेल्वेच्या वसाहतीतील उतरत्या छपरांचे जुने बंगले, चर्च आणि दफनभूमी या आपल्या समाजाच्या इतिहासाच्या खऱ्या पोथ्या आहेत. येथील जुन्या बाप्तिस्मा व विवाह नोंदवह्यांचे, तसेच थडग्यांवरील लेखांचे कोणा अभ्यासकाने वेळीच टिपण करून ठेवावे, अशी आमची विनंती आहे. थळघाटाच्या पावसात दगडावरील अक्षर फार काळ टिकत नाही.

येथले पाणी कोठे जाते

इगतपुरी तालुका हा धरणांचा तालुका आहे. दारणा धरण १९१६ साली पूर्ण झाले. उर्ध्व वैतरणा १९७३ साली. शिवाय भावली, मुकणे, वाकी, भाम अशी धरणे झाली. तालुक्याच्या दक्षिणेस, अकोले तालुक्यात, प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ साली बांधून झाले.

या धरणांचा आपल्या धर्मप्रांताच्या जीवनाशी किती निकटचा संबंध आहे, हे सहसा लक्षात येत नाही. दारणेचे पाणी नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीच्या कालव्यांत शिरते आणि कोपरगाव-राहात्याकडे जाते. भंडारदऱ्याचे पाणी प्रवरा कालव्यांतून श्रीरामपूर तालुक्यात पोहोचते. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, उसावर साखर कारखाने उभे राहिले आणि त्या परिसरातच राहाता, हरेगाव यांसारखे आपले जुने धर्मग्राम वाढले. सप्टेंबरमध्ये हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाणाऱ्या भाविकांना वाटेत जो हिरवा उसाचा मळा दिसतो, त्याचे मूळ या घाटमाथ्यावरच्या पावसात आहे. वैतरणेचे पाणी मुंबईच्या नळांत जाते. गोदावरीचे पुढे जायकवाडीस जाते.

आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत इगतपुरी तालुक्यातील अनेक वाड्या-पाड्यांवरील स्त्रिया डोक्यावर हंडे घेऊन दूरवर पाणी आणावयास जातात. काळा कातळ पाऊस मुरू देत नाही. पडलेले पाणी वाहून जाते किंवा धरणात अडते, आणि धरणातील पाण्यावर हक्क असतो तो खालच्या गावांचा व शहरांचा. ज्यांच्या जमिनी धरणांखाली गेल्या, त्यांच्यापैकी कित्येकांच्या वाट्याला ही तहान आली. हा प्रश्न केवळ शासनाचा नाही. ज्यांच्या शेतात किंवा नळात हे पाणी येते, त्या आपणा सर्वांचा तो आहे.

पाहण्याजोगी स्थळे

इगतपुरी स्थानकापासून अगदी जवळ धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे. ब्रह्मदेशात वाढलेले सत्यनारायण गोएंका यांनी ते स्थापन केले आणि १९७६ साली येथे शिबिरे सुरू झाली. दहा दिवसांच्या शिबिरात साधकाला पूर्ण मौन पाळावे लागते. शिबिराचे शुल्क नसते; पूर्वी शिबिर केलेल्यांच्या दानावर ते चालते. जगभरातून माणसे येथे येतात. आपल्याकडे एकांतवासाची आणि मौन-प्रार्थनेची मोठी परंपरा आहेच. तरी शेजारी इतकी माणसे गप्प बसण्यासाठी इतक्या दुरून येतात, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. केंद्राचा सोनेरी पॅगोडा दुरूनही दिसतो.

त्रिंगलवाडीचा किल्ला हा आमच्या मते परिसरातील सर्वांत रोचक किल्ला होय. चढ फार कठीण नाही. पायथ्याशी जैन लेणे आहे आणि त्यातील ऋषभनाथांच्या मूर्तीवर शके १२६६, म्हणजे इ. स. १३४४ चा लेख आहे. वर कातळात खोदलेला दरवाजा आणि त्याजवळ कोरलेला मारुती. पावसाळ्यात पायऱ्यांवरून पाणी वाहते, तेव्हा जपून चढावे.

महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) येथून फार दूर नाही. बारी गावातून वर जाण्याचा मार्ग आहे व अवघड ठिकाणी लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. अलंग-मदन-कुलंग ही त्रयी मात्र अनुभवी गिर्यारोहकांनीच, दोर आणि जाणकार वाटाड्या घेऊन चढावी. भंडारदऱ्याचा जलाशय आणि रतनवाडीचे अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर एका दिवसात पाहता येते. तालुक्यातच सर्वतीर्थ टाकेद आहे. रावणाशी लढताना जटायू येथे पडला, अशी श्रद्धा असून महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. कावनईचे कपिलधारा तीर्थ सिंहस्थ पर्वाचे मूळ स्थान मानले जाते. पिंप्री सद्रोद्दीन येथील दर्गा सर्व धर्मांच्या लोकांना पूज्य आहे. पाऊस पाहावयाचा असेल तर भावलीच्या वाटेवरील धबधबे पुरेसे आहेत. मात्र सुट्टीच्या दिवशी तेथे इतकी गर्दी व गोंगाट होतो की, आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलेले उत्तम.

घोटीचा उल्लेख केल्याशिवाय हे वर्णन पुरे होणार नाही. इगतपुरीच्या शेजारचे हे बाजाराचे गाव भाताच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे. परतताना येथून तांदूळ आणि पोहे घेऊन जाण्याची नाशिककरांची जुनी सवय आहे.

नवा रस्ता, नवा बोगदा

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा भरवीर ते इगतपुरी हा टप्पा मार्च २०२४ मध्ये आणि इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यात इगतपुरी आणि कसारा यांच्या दरम्यान जवळजवळ आठ किलोमीटर लांबीचे दोन समांतर बोगदे आहेत. जुन्या घाटात अर्धा तास लागे, ते अंतर आता काही मिनिटांत कापले जाते. रेल्वेच्या बाबतीतही चढ सौम्य ठेवून नव्या बोगद्यांतून जादा मार्गिका नेण्याची योजना पुढे आली आहे. ती पूर्ण झाली तर जादा इंजिनांची गरजही त्या मार्गांवर राहणार नाही.

आल्प्समध्ये हे घडून गेले आहे. गॉटहार्डच्या जुन्या बोगद्याच्या दोन तोंडांशी गोशेनेन आणि ऐरोलो ही गावे वसली, वाढली. २०१६ साली पर्वताच्या पायथ्यातून ५७ किलोमीटरचा नवा बोगदा झाला आणि दूर पल्ल्याच्या बहुतेक गाड्या खालून जाऊ लागल्या. त्या गावांना पर्यटकांसाठी आणि जुन्या मार्गाच्या वारशासाठी नव्याने आपली ओळख घडवावी लागत आहे.

इगतपुरीत पर्यटनाला तोटा नाही. डोंगरउतारावर हॉटेले, बंगले आणि फार्महाउस दरवर्षी वाढत आहेत. प्रश्न आहे तो जमीन कोणाची जाते आणि काम कोणाला मिळते याचा. भातखाचर विकून आलेला पैसा दोन-चार वर्षांत संपतो आणि ज्याने जमीन विकली, तोच त्या जागी उभ्या राहिलेल्या हॉटेलात पहारेकरी होतो, असे प्रसंग घाटमाथ्यावर दुर्मीळ नाहीत. येथील तरुणांना वाटाडे, यजमान आणि छोटे व्यावसायिक म्हणून उभे करण्याचे काम संस्थांनी आणि धर्मग्रामांनी हाती घेण्याजोगे आहे. पाहुणा घरगुती जेवण घेऊन, गावातील वाटाड्या घेऊन फिरला, तर पैसा गावात राहतो. आपणही जाताना एवढे पाहावे.

जाण्याविषयी थोडे

नाशिकहून इगतपुरीला एस. टी. बस आणि रेल्वे दोन्ही सोयीच्या आहेत. मुंबईकडील लोकलगाडी कसाऱ्यापर्यंतच येते. तेथून पुढे लांब पल्ल्याची गाडी किंवा घाट चढणाऱ्या सामायिक जीपगाड्या मिळतात. घाटाचा आनंद घ्यावयाचा असेल तर रेल्वेनेच जावे, तेही दिवसा. जून ते सप्टेंबर हिरवाईचा काळ आहे, परंतु दाट धुके आणि दरडी यांमुळे डोंगरात फिरण्यास तो धोक्याचा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने किल्ल्यांसाठी योग्य. बाळ येशूच्या यात्रेला येणाऱ्यांनी एक दिवस आधी निघून इगतपुरीला मुक्काम केल्यास घाटनदेवी, त्रिंगलवाडी आणि रेल्वेची जुनी वसाहत आरामात पाहून होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तासाभरात नाशिकरोडला पोहोचता येते. रविवारी तेथे असाल तर मिस्साची वेळ धर्मगुरूंकडे आधी विचारून घ्यावी.